कुंदनची हवालदारी आणि झुंबरअक्काची वांगी

भडगावात तहसील कचेरीच्या वाटेवर माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. गेली सव्वीस वर्षं. या सव्वीस वर्षांत मी दोनच प्रकारची गिऱ्हाइकं पाहिली. पहिला प्रकार आधार कार्ड मशीनवर ठेवून ‘दोन्ही बाजू एकाच पानावर घ्या’ म्हणतो आणि घेतल्यावर ‘असं नको होतं’ म्हणतो. दुसऱ्या प्रकारात झुंबरअक्का एकटीच मोडते. पहिल्या प्रकारातल्या सगळ्यांनी मिळून मला जेवढा ताप दिला नसेल, तेवढा या एका बाईनं दिला आहे. तरीही मंगळवारी सकाळची एसटी येऊन गेली आणि अक्का दुकानाची पायरी चढली नाही, तर माझं कामात लक्ष लागत नाही. हे तिला सांगू नका. आधीच तिला फार कळतं.

अक्काचं गाव गिरणेपलीकडे. नवरा फौजेत लान्स नाईक होता. तिकडे डोंगरात ट्रक दरीत गेला आणि तो गेला. अक्का तेव्हा चोवीस वर्षांची, शिक्षण सातवी. नवऱ्याचे कागद एका दूरच्या कचेरीत होते आणि फाइल सापडत नव्हती. तीन वर्षं सापडत नव्हती. पत्र पाठवलं की उत्तर यायचं, ‘शोध चालू आहे.’ शेवटी अक्कानं कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा यांचं भलंमोठं गाठोडं बांधलं, भुसावळला गाडीत बसली आणि थेट त्या कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन मांडी घालून बसली. भांडली नाही, रडली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कारकुनाला एवढंच विचारायची, “जेवना का भाऊ?”

पहिल्या दिवशी कारकून हसले. दुसऱ्या दिवशी एकानं लाजत अर्धी भाकरी घेतली. तिसऱ्या दिवशी चार जण तिच्याभोवती बसून जेवत होते. चौथ्या दिवशी मोठ्या बाबूंना कळलं की बाहेर पंगत बसते आणि आपल्याला कुणी बोलावत नाही, म्हणून तेही आले. ठेच्यानं त्यांना असा ठसका लागला की डोळे पुसत आत पाणी प्यायला गेले, आणि बाहेर आले ते फाइल घेऊनच.

त्या दिवसापासून अक्कानं आयुष्याचं एक सूत्र पक्कं केलं. “साहेब कोनता बी ऱ्हावो,” ती म्हणते, “त्याले पोट ऱ्हास.” या सूत्रानं पुढं काय घोटाळा केला, तेच मला सांगायचं आहे.

स्वतःचं काम झाल्यावर अक्काला कागदाची चटकच लागली. आमच्या भागात गल्लीगणिक एखादा फौजी आहे. कुणाची पेन्शन अडते, कुणाच्या बायकोचं नाव कागदावर चढत नाही, कुणाला आईच्या आजारपणातही सुट्टी मिळत नाही. सगळे अक्काकडे जातात आणि अक्का त्या सगळ्यांना घेऊन माझ्याकडे येते. ती सांगते, मी टाइप करतो. शब्द माझे, मुद्दे तिचे, असं मी लोकांना सांगतो. ती सांगते, सगळंच तिचं. तिचे नियम ठरलेले. प्रत्येक पत्रावर आधीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख. ‘विनंती’ हा शब्द एकदाच. “दोनदा विनंती करी का साहेबले वाटस, हाऊ मानूस फुकटना शे.” मी एकदा शोभेसाठी ‘कृपाळू’ असा शब्द घातला, तर तिनं मला पानच फाडायला लावलं.

कुंदन महाजन तिच्या शेजारचा. त्याला फौजेत घातलं अक्कानंच. भरतीच्या आधी वर्षभर ती त्याला पहाटे उठवून गिरणेच्या वाळूत पळवायची आणि स्वतः काठावर घड्याळ घेऊन बसायची. कुंदन सहा फूट उंच, खांदे असे की माझ्या दुकानाच्या दारातून तिरका होऊन आत येतो. आणि स्वभाव? साहेबासमोर उभा राहिला की साहेबाच्या तोंडाकडे न बघता स्वतःच्या बुटांकडे बघून बोलतो. एवढ्या देहात एवढा संकोच देवानं कसा कोंबला, याचं मला आजही कोडं आहे.

काम मात्र चोख. तो नाईक, वरची पायरी हवालदार. हवालदार होण्यासाठी फौजेत जो कोर्स असतो, त्यात तो पहिला आला. नकाशे वाचायचा, नव्या पोरांना शिकवायचा, एक डाग नाही. तीन वर्षं लागोपाठ त्याचं नाव हवालदारीच्या यादीत लागलं आणि तीन वर्षं त्याचा कागद पलटणीतच बसला. वरच्या साहेबांची सही होईना. त्याच्या मागून आलेली दोन पोरं हवालदार होऊन पुढं गेली. ती समोर आली की कुंदननं उभं राहून त्यांना ‘उस्ताद’ म्हणायचं. ज्यांना यानं बंदूक धरायला शिकवली, त्यांना. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही बुटांकडे बघत. मला राग आला. मी जैन माणूस, मुंगीला वाट देणारा, पण त्या दिवशी मी पेपरवेट उचलून परत जागेवर ठेवला.

यंदाच्या जानेवारीत तो सुट्टीवर आला तेव्हा प्रकरण गळ्याशी आलं होतं. नाईक म्हणून त्याच्या नोकरीची मुदत जूनमध्ये संपत होती. त्याआधी हवालदार झाला तर आणखी दोन वर्षं फौजेत; नाही झाला तर जूनमध्ये पेटी उचलून घरी, आणि जन्मभर ‘रिटायर्ड नाईक’.

“तीन अर्ज कये,” अक्का मला म्हणाली. “तीन बी मन्ह्या हातना. आते फोन लावा.”

“कुणाला?”

“सुभेदारले. तो मानूस चांगला शे. दर सालले निरोप धाडस.”

कुंदन घाबरला. असा फोन करत नसतात, पलटणीत काय म्हणतील, वगैरे त्यानं सुरू केलं. अक्कानं त्याला माझ्या स्टुलावर बसवलं आणि एक बिस्कीट हातात दिलं. बत्तीस किलोचं ओझं पाठीवर घेऊन डोंगर चढणारा माणूस गपचूप बिस्कीट खात बसला. मी फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

अक्काला हिंदी येत नाही, पण ती बोलते. फोन उचलल्याबरोबर तिनं तोफ डागली. आमच्या पोरानं काय गुन्हा केला, सांगा. दारू पितो? चोरी करतो? मग कागद का अडवता? सुभेदार बिचारे डोंगराकडचे, शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अगदी प्रेमानं बोलले.

“माताजी, गुन्हा? अरे, कुंदन तो हीरा है हीरा! उस के हाथ का भरता खाया है आपने? पूरी पलटन इतवार की राह देखती है. हवालदार की जगह दूसरी पलटन में खाली है. प्रमोशन हुआ तो वहाँ चला जाएगा. फिर हम क्या दाल पीते बैठेंगे? बडे साहब ने साफ कह रखा है, मई में मेरी बदली है, तब तक कुंदन कहीं नहीं जाएगा.” आणि वर म्हणतात, “और माताजी, इस बार बैंगन जरा ज्यादा भेजना.”

फोन बंद झाला. मेमध्ये साहेब जाणार, जूनमध्ये कुंदन; मधल्या महिन्यात नवा साहेब काय सही करणार?

आता हे बैंगन काय, ते सांगतो. चार वर्षांपूर्वी हे मोठे साहेब पलटणीत आले, तेव्हा अक्कानं आपलं सूत्र लावलं. साहेबाला पोट असतं. म्हणून कुंदन सुट्टीवरून निघाला की अक्का स्वतःच्या मळ्यातली भरताची वांगी, ती मोठाली, हिरवी-पांढरी, एक पोतंभर द्यायची. सोबत कपाशीच्या वाळक्या झाडांचा, पऱ्हाट्यांचा, एक भारा, कारण त्याच्या जाळावर भाजलं नाही तर ते भरीत नव्हे, असं इकडे लहान पोरगंही सांगेल. आणि ठेचायला लाकडी काठवट. ते पोतं संपलं की कुंदन तिथल्या बाजारातल्या वांग्यांवर रविवार भागवायचा. एका वर्षी भुसावळला टीसीनं तो भारा बघून कुंदनला अडवलं. हे काय, म्हणाला. कुंदननं सांगितलं, भरतासाठी. टीसी आमच्याच भागातला निघाला. त्यानं स्वतः भारा बर्थखाली सरकवून दिला.

साहेब खूश होतील, सही करतील, असा हिशेब होता. साहेब खूश झाले. इतके खूश झाले की सही करणं त्यांना परवडेना. सूत्र बरोबर होतं, फक्त उलट्या दिशेनं चाललं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण असं म्हणायची ती वेळ नव्हती.

मी तिला नवऱ्याच्या आठवणीनंही दुकानात कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिनं पदरानं डोळे पुसले.

“म्हनजे मीच त्याले बांधी ठेवं,” ती म्हणाली. “पोतं भरीभरी मीच.”

मला फार वाईट वाटलं. मी तिला पाणी दिलं.

कुंदननं बिस्कीट संपवून विचारलं, “अक्का, येता इतवारले मीठ जास्त टाकी देऊ का?”

झालं. अक्काचे डोळे कोरडे झाले. “अन्नसंगे बेइमानी? मन्हा वांगा बिघाडशी?” ती अशी कडाडली की बाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक दोन पावलं मागं गेलं. मग ती एकदम थांबली. तिचा चेहरा बदलला. मी तो चेहरा ओळखतो. तो दिसला की माझं दुपारचं जेवण चुकतं.

“शेठ,” ती म्हणाली, “भरीत एकलाले येस म्हनीसन तो अडकना. वीस जनस्ले येवाले लागनं तं?”

कुंदनच्या हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. आल्यावर सगळ्यांना शिकवायला तो चक्क नाही म्हणाला. त्या माणसानं अक्काला नाही म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

“बठ्ठास्ले शिकाडी टाकं, तं मनाजोडे काय उरी?” तो म्हणाला. “मोठा साहेब माले नावथून वळखस, ते हाई भरीतमुये. नहीतं तिथं आठशे जन शेतस. कोन कुंदन?”

हे मात्र मला पटलं. माणसाला आपली एक गोष्ट असावी लागते. माझं म्हणाल तर या रस्त्यावर तिरका फोटो सरळ कापणारा मी एकटा आहे. ती युक्ती मी सख्ख्या पुतण्यालाही सांगितलेली नाही.

अक्का त्याच्याजवळ जाऊन बसली. आवाज खाली आला. “नावथून वळखतस, बरं. पन हुद्दा? तो जूनमा कोन दी तुले? वांगं दी?”

कुंदन बुटांकडे बघत राहिला. सुट्टीवर होता, पायात चपला होत्या, तरी तिकडेच बघत राहिला. मग म्हणाला, “लिखा.”

आता लिहायचं काय? फौजेत कुठलीही गोष्ट शिकवायची झाली की तिचा एक साचा असतो, कुंदन म्हणाला. आधी ‘शुरू शुरू का काम’, मग ‘उद्देश’, मग ‘सामान’, मग भाग. बंदूक उघडणंही तसंच शिकवतात आणि खड्डा खणणंही. भरीतही त्याच साच्यात बसवायचं ठरलं. मी वांगं जन्मात खाल्लेलं नाही. कांदा नाही, लसूण नाही. आमच्या घराण्यात सात पिढ्यांनी टाळलेल्या तिन्ही गोष्टी पहिल्याच पानावर आल्या. दुपारी डबा घेऊन आलेल्या माझ्या बायकोनं, लाडकुंवरनं, संगणकावर ठळक अक्षरांत ‘लसूण ठेचणे’ वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी तीर्थंकरांची शपथ घ्यायच्या बेतात होतो. “फौजेचं गुप्त काम आहे,” मी म्हणालो. तिनं डबा ठेवला, पण शेजारी बसली नाही.

खरी अडचण आली ती मिठाशी. अक्का म्हणाली, चवीपुरतं. कुंदन म्हणाला, फौजेत चवीपुरतं चालत नाही. वीस वांग्यांना किती, ते सांगा. अक्कानं चाळीस वर्षांत मीठ मोजलेलं नव्हतं. हात डब्यात जातो आणि येतो, एवढंच तिला माहीत. शेवटी आम्ही तिच्या मळ्यात गेलो. तिनं जाळ केला, वांग्यांना टोचे मारून तेलाचा हात लावला, भाजली, सोलली, काठवटीत भाजलेल्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचली. आता मीठ. तिनं मूठ भरली, आणि कुंदननं खाली किराणावाल्याचा वजनकाटा धरला. एकदा वजन केलं, खात्रीसाठी दुसऱ्यांदा केलं, तर वेगळंच आलं. तिसऱ्यांदा तर कुणी बघत असलं की आपला हात थांबतो, म्हणून अक्का पाठ फिरवून उभी राहिली आणि पाठीमागून मूठ उघडली. नऊ वेळा केलं. मधला आकडा घेतला. वाऱ्याच्या उलट बाजूला, कांद्याच्या वासापासून लांब उभं राहून मी तो लिहून घेतला. आठ पानी पाठ तयार झाला. वांगं आकाराच्या मानानं हलकं हवं, देठ हिरवा हवा, जड वांग्यात बी असतं, इथपासून सुरुवात. काड्या किती, जाळ किती उंच, वांगं किती वेळा फिरवायचं, कांद्याची पात आणि शेंगदाणे केव्हा. शेवटी मी माझ्या अकलेनं एक ओळ घातली: ‘गॅसवर भाजणे सक्त मना.’ अक्कानं ती ठेवली. सव्वीस वर्षांत माझी एवढी एकच ओळ तिनं ठेवली आहे.

पाठाबरोबर अर्ज. अर्ज हिंदीत होता, इथं मराठीत सांगतो. विषय: पलटणीच्या रविवारच्या भरताबाबत. पलटणीचं रविवारचं मनोबल माझ्या एकट्याच्या हातावर अवलंबून आहे. मी आजारी पडलो किंवा जूनमध्ये नाईक म्हणूनच घरी गेलो, तर हे काम येणारा दुसरा जवान तयार नाही. तयारीच्या दृष्टीनं ही गंभीर उणीव आहे. सबब वीस जवानांचा वर्ग घेण्याची परवानगी मिळावी. माझं नाव तीनदा यादीत लागूनही कागद पुढं न जाण्याचं कारण हेच असल्याचं समजतं. वर्ग झाल्यावर ते कारण उरणार नाही. खाली आधीच्या तिन्ही अर्जांचे क्रमांक आणि तारखा.

‘विनंती’ एकदाच. मी मोजली.

मग शेवटी मी सवयीनं टाइप केलं, ‘प्रत:’ आणि विचारलं, “प्रत कुणाला लिहू अक्का?”

“कोनलेच नही. मोकळी ठेवा.”

“मोकळी? मग ‘प्रत’ तरी कशाला?”

“शेठ, तुम्हले अक्कल कव्हय येई?” ती म्हणाली. “मोकळी जागा दखी का, साहेब ज्याले घाबरस त्यानं नाव सोताच वाची ली.”

सव्वीस वर्षं मी या रस्त्यावर कागद करतो आहे. तहसीलदार आले, गेले. असला कागद एकाही वकिलानं माझ्याकडून करून घेतलेला नाही.

कुंदन पोतं, भारा आणि आठ पानं घेऊन गेला. यावेळचं पोतं दुप्पट होतं, वर्गाचं सामान म्हणून.

पुढचं त्यानं फोनवर सांगितलं ते असं. अर्ज मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेला. साहेबांनी तो वाचला, हसले, मग हसू थांबलं. पान उलटून मागं बघितलं, पुन्हा पुढं आले आणि ‘प्रत’च्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून बराच वेळ बसले. सुभेदारांना बोलावून विचारलं, ही प्रत कुणाला गेली आहे? सुभेदार म्हणाले, साहेब, काहीच लिहिलेलं नाही. साहेब म्हणाले, तेच तर विचारतो आहे.

वर्गाला परवानगी मिळाली. फेब्रुवारीच्या एका रविवारी मैदानावर वीस जवान रांगेत बसले, प्रत्येकापुढं एक वांगं. साहेबही खुर्ची टाकून बसले. कुंदननं शिकवायला सुरुवात केली आणि, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, पहिल्यांदा त्याची नजर बुटांवरून उठली. वीस जणांना एकाच वेळी जाळ, काडी, वांगं सगळं सांभाळत, चुकलेल्याला न ओरडता पुन्हा करायला लावत त्यानं दोन तास वर्ग घेतला. एका तमिळ पोरानं तर असं भरीत केलं की सुभेदारांनी दोनदा घेतलं. जेवण झाल्यावर साहेब कुंदनजवळ आले. बाकीच्यांसमोर नाही, जरा बाजूला घेऊन म्हणाले, “कुंदन, मैंने तुम्हारे तीन साल खाए हैं.” एवढंच. माफी मागितली नाही, पण खाल्ले म्हणून सांगितलं. सोमवारी सही झाली. मार्चअखेर कुंदन दुसऱ्या पलटणीत हवालदार म्हणून रुजू झाला.

त्या मंगळवारी अक्का पेढे घेऊन आली. मी सहा खाल्ले. ती म्हणाली, पुरे. मी आणखी एक घेतला.

एप्रिलमधल्या मंगळवारी कुंदनचा फोन माझ्याच दुकानात आला. अक्का तिथं असणार हे त्याला ठाऊक. आधी तो हसत होता. जुन्या पलटणीतून सुभेदारांनी निरोप धाडला होता: चिंता नको, तमिळ पोराचा हात बसला, भरता अगदी तुझ्यासारखाच होतो. मग म्हणाला, “अक्का, अठला, नवी पलटनना साहेबनी इचारं, जळगावकडला शे, भरीत येस का?”

“मंग?”

“सांगं, नही येत.”

मी खो खो हसलो. अक्काही हसली. तिकडून मात्र आवाज येईना.

“कुंदन?”

“मंग बराकमा जाईसन रडनू, अक्का,” तो म्हणाला. “अठे माले कोनी वळखस नही.”

माझं हसू तोंडातच राहिलं. अक्कानं फोन माझ्याकडे दिला आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिला काय वाटत होतं ते मला कळत होतं. तिनंच त्याला बांधलं होतं, तिनंच सोडवलं, आणि सुटलेलं पोर परक्या अंगणात एकटं उभं होतं. मग ती उठली.

“शेठ, पाकीट द्या. मोठं.”

मी पाकीट दिलं.

“पत्ता लिखा. मोठा अक्षरमा. हवालदार कुंदन महाजन.”

मी लिहिलं. तिनं डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, ‘हवालदार’ अजून मोठं. मी दुसरं पाकीट घेतलं. यावेळी त्या एका शब्दानं अर्धं पाकीट खाल्लं.

“आत काय टाकू?”

“काही नही. टपाल वाटतस तव्हय तिथं बठ्ठासमोर नाव पुकारतस ना? पुकारू द्या. रजिस्टर करा, पोचपावतीसंगे. सही त्यालेच करनी पडी.”

मी रिकामं पाकीट रजिस्टर केलं. पोस्टातल्या मुलीनं ते दोनदा उजेडात धरून पाहिलं.

बाराव्या दिवशी गुलाबी पोचपावती माझ्या दुकानाच्या पत्त्यावर परत आली. मी ती मंगळवारपर्यंत गल्ल्यात जपून ठेवली. सहीच्या जागी नुसती सही नव्हती. त्या एवढ्याशा चौकटीत त्यानं आधी हुद्दा लिहिला होता, पूर्ण, मग नाव, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत: ‘अक्का, समदी कंपनी पाकीट दखाले उनी.’

अख्खी कंपनी पाकीट बघायला आली! अक्कानं ती पावती मला तीनदा वाचायला लावली. चौथ्यांदा तिनं स्वतः वाचली, बोटानं अक्षर अक्षर लावत. मग पावती मशीनवर ठेवली.

“झेरॉक्स काढा.”

“किती?”

“गावमा जितला घरं शेतस,” ती म्हणाली, “तितल्या.”